अंदाजपंचे दाहोदरसे : आयर्लंडच्या खेळाडू मुली आणि शंभर वर्षांचा हिशेब

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा.

माझी भाची डब्लिनला असते. तिची लेक नऊ वर्षांची. गेल्या वर्षापासून ती तिथल्या क्लबात कमोगी नावाचा खेळ खेळते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला आपली काठी दाखवली, खाली चपटी, पळीसारखी. "आजी, ह्याला हर्ली म्हणतात, आणि बॉलला स्लिटर." मी २९ वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं, मुलींचे खो-खोचे संघ घेऊन एसटीने अर्धा महाराष्ट्र हिंडले, पण हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. भाचीला म्हटलं, जरा वाचायला काही पाठव. तिने इतकं पाठवलं की दोन महिने तेच वाचत बसले. त्यातलं तुम्हाला सांगण्यासारखं सांगते, कारण खेळ परका असला तरी गोष्ट फार ओळखीची आहे.

आधी खेळ समजून घ्या. आयर्लंडचे दोन मोठे देशी मैदानी खेळ. एक गेलिक फुटबॉल, त्यात चेंडू हातानेही खेळतात आणि पायानेही. दुसरा हर्लिंग, त्यात काठीने लहान कडक चेंडू हवेतच टोलवतात. हर्लिंगचं बायकांचं रूप म्हणजे कमोगी. संघ काउंटीचे, म्हणजे आपल्याकडचे जिल्हा संघ म्हणा. ३२ काउंटी. लिलाव नाही, करार नाही, साधारणपणे ज्या गावचे त्या गावासाठी खेळायचं. आणि ह्या खेळांत कुणालाच पगार नाही, पुरुषांनाही नाही. तरी अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर होतो आणि तिथे ८२ हजार माणसं बसतात. सकाळी शाळेत शिकवणारा किंवा गाईचं दूध काढणारा माणूस रविवारी एवढ्या लोकांसमोर खेळतो.

ह्या खेळांची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या गावात एका हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजांचे खेळ नकोत, आपले खेळ हवेत, ही त्यामागची भावना. आपल्याकडे देशी खेळांना नियमांत बसवायचं काम पुण्याच्या मंडळींनी केलं, साधारण तोच काळ, तीच ऊर्मी. फक्त त्या हॉटेलात एकही बाई नव्हती.

बायका आल्या वीस वर्षांनी, आणि त्या आल्या भाषेच्या दारातून. आयरिश भाषा शिकवणाऱ्या गेलिक लीगच्या डब्लिनमधल्या एका शाखेतल्या मुलींना वाटलं, पुरुष हर्लिंग खेळतात तर आपण का नाही? त्यात पुढे होत्या मॉयरा नी खिनेडा आणि कॉच नी गोनाखा (उच्चार मीही अंदाजानेच लिहितेय, आयरिश स्पेलिंग म्हणजे वेगळंच प्रकरण आहे). कॉचच्या भावाने नियम बसवून दिले आणि नावही शोधलं. हर्लिंगची काठी 'कमान', तर ही लहान काठी 'कमोग', त्यावरून कमोगी. पहिला जाहीर सामना १७ जुलै १९०४ रोजी नॅव्हन गावात झाला. पुढच्या वर्षी संघटना उभी राहिली आणि मॉयराबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आता नियम बघा. काठी हलकी. चेंडू लहान. मैदान लहान. पुरुषांचे त्या वेळी १७ खेळाडू असायचे, पुढे १५ झाले, मुलींचे १२. आणि एक भारी नियम होता. गोलच्या खांबांना नेहमीच्या आडव्या दांडीच्या वर आणखी एक आडवी दांडी. चेंडू दोन दांड्यांच्या मधून गेला तर गुण. वरच्या दांडीच्याही वरून गेला तर काही नाही! म्हणजे पोरीने जास्त जोरात मारलं तर ते वाया. ही दुसरी दांडी १९७९ पर्यंत होती. पाऊणशे वर्षं.

मी त्या बायकांना हसत नाहीये, हे लक्षात घ्या. १९०४ साली अंगभर पायघोळ स्कर्ट घालून मैदानात उतरणं हेच धाडस होतं. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास बायका मताधिकारासाठी उभ्या राहत होत्या. त्यांतली एक, मार्गारेट कझिन्स, त्यासाठी तुरुंगात गेली, पुढे भारतात आली, आणि १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात जी पहिली अखिल भारतीय महिला परिषद भरली ती तिच्याच खटपटीतून. तेव्हा ह्या पिढीबद्दल मला आदरच आहे. पण नियम कशावर बेतले होते? बाईच्या अंगाला एवढंच झेपेल, ह्या अंदाजावर. कुणी मोजलं होतं का? नाही. मोजायची साधनंही नव्हती, हे मान्य. प्रश्न असा की साधनं आल्यावरही अंदाज किती वर्षं चालू राहिले. बारा खेळाडूंचा नियम बदलून पंधरा झाले ते १९९९ साली!

मधल्या काळात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. वर्तमानपत्रांनी छापलं की धावपटू पटापट कोसळल्या, भयंकर दृश्य होतं वगैरे. प्रत्यक्षात शर्यत संपल्यावर दमून मैदानावर बसणं एवढंच बहुतेक घडलं होतं, जे पुरुषही करतात. पण त्या बातम्यांवर ती शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत. ३२ वर्षं! एका बातमीवर.

आयर्लंडमध्ये तर चर्चचा पगडा. १९३४ साली तिथल्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ठरवलं की पुरुषांच्या स्पर्धांच्या जोडीने त्याच मैदानावर बायकांच्याही शर्यती घ्यायच्या. तर जॉन चार्ल्स मॅक्वेड नावाचे धर्मगुरू, तेव्हा एका मोठ्या कॉलेजचे प्रमुख आणि पुढे डब्लिनचे आर्चबिशप, त्यांनी वर्तमानपत्रांतून कडाडून विरोध केला. हे धर्माला धरून नाही आणि आयरिश रीतीलाही धरून नाही, असा त्यांचा सूर. ठराव बारगळला. त्या वादात कमोगी संघटनेचे संघटक सचिव शॉन ओडफी ह्यांनी जाहीर ग्वाही दिली की आमच्या मुली कुणाला आक्षेप घेता येईल अशा पोशाखात मैदानावर दिसणार नाहीत, ह्याची आम्ही काळजी घेऊ.

हे ओडफी वाईट माणूस नव्हते. उलट कमोगीसाठी आयुष्य वेचलेला माणूस. १९३२ साली राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांनीच चषक दिला, आजही तो ओडफी चषक म्हणूनच ओळखला जातो. पण खेळ वाचवायचा तर पोशाखावर तडजोड, असा तो हिशेब. आपल्याकडे किती संस्थाचालकांनी हाच हिशेब केला असेल! 'मुलींना खेळू देतो, पण पायजमा घालूनच.' मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी खो-खोच्या मुलींना सलवार घालून पळवलंय, कारण मुख्याध्यापकांकडे पालकांची तक्रार आली होती. खुंट्याला वळसा घालताना एकीचा पाय सलवारीत अडकला, दात तुटला. असो.

फुटबॉलमध्ये बायकांची वेगळी संघटना व्हायला १९७४ उजाडलं. गंमत म्हणजे तीही थर्ल्सच्या त्याच हॉटेलात, पुरुषांच्या नव्वद वर्षांनंतर. पहिल्या अंतिम सामन्यात टिपरेरीने ऑफलीला हरवलं. तिथेही चेंडू एक आकडा लहान, सामना ६० मिनिटांचा. पुरुषांचा काउंटी सामना ७० मिनिटांचा असतो. ही दहा मिनिटं कुठून कापली? मी शोधशोध शोधलं, बाईचं शरीर साठाव्या मिनिटाला थांबतं असा एकही पुरावा मला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर कळवा.

आणि ह्या साठ मिनिटांत ह्या पोरींनी काय काय करून दाखवलं! कॉर्क काउंटीच्या फुटबॉल संघाने २००५ ते २०१६ ह्या बारा वर्षांत अकरा वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. २०१४ चा अंतिम सामना तर जुन्या लोकांना अजून आठवतो. डब्लिन दहा गुणांनी पुढे, शेवटचा पाव तास उरलेला, आणि कॉर्कने सामना एका गुणाने मारला. त्या संघातल्या ब्रीज कॉर्करी आणि रीना बकली ह्या दोघी फुटबॉलही खेळायच्या आणि कमोगीही. दोन्ही खेळ मिळून प्रत्येकी १८ राष्ट्रीय पदकं. ब्रीज दगडी बांधकामाचं काम करायची आणि शेतावर गाई सांभाळायची. रीना फिजिओथेरपिस्ट.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

विचार करा, एकच मुलगी, दोन खेळ, दोन प्रशिक्षक, वर नोकरी. मंगळवारी फुटबॉलचा सराव, बुधवारी कमोगीचा, गुरुवारी पुन्हा फुटबॉल, शनिवार-रविवार सामने. प्रत्येक प्रशिक्षकाकडे आपापल्या सरावाची वही आहे. पण त्या मुलीच्या अंगावर आठवड्याला एकूण किती भार पडला, ह्याची बेरीज कोण करतं? बरीच वर्षं कुणीच करत नव्हतं. तिचं तीच करायची, गुडघा दुखला की.

क्रीडाविज्ञान ह्या सगळ्यात उशिराच आलं, आणि आलं तेव्हा आधी पुरुषांकडे गेलं. आयर्लंडमध्ये विद्यापीठाच्या मदतीने गेलिक खेळांतल्या दुखापतींची नोंदवही २००० च्या दशकात सुरू झाली, ती पुरुषांच्या काउंटी संघांची. ही काही आयर्लंडचीच खोड नाही म्हणा. २०२१ साली काही संशोधकांनी सहा मोठ्या नियतकालिकांतले सात वर्षांचे ५,२६१ शोधनिबंध चाळले. त्यांतल्या एकूण सहभागी लोकांत बायका ३४ टक्के. आणि फक्त बायकांवर केलेले अभ्यास किती? ६ टक्के. फक्त पुरुषांवरचे ३१ टक्के. म्हणजे खेळाडू मुलीने किती खावं, किती झोपावं, किती वजन उचलावं, ह्याचे जे सल्ले देतात त्यातले बरेचसे विशीतल्या कॉलेजकुमारांवर मोजलेले आहेत. मीही शाळेत तेच तक्ते भिंतीवर लावायचे हो. कुठून आले ते कधी विचारलं नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र आयर्लंडच्या विद्यापीठांतून काउंटी पातळीच्या मुलींवर कामं व्हायला लागली. कशी करतात ते सांगते. खेळाडूच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, घट्ट बनियनच्या खिशात काडेपेटीएवढं जीपीएस यंत्र. ते सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतं. सामन्यात ती एकूण किती पळाली, त्यातलं जोरात किती, किती वेळा झपकन वेग घेतला, किती वेळा करकचून थांबली, सगळं निघतं. ही यंत्रं बनवणारी एक जगप्रसिद्ध कंपनी उत्तर आयर्लंडच्या न्यूरी गावातलीच आहे, मोठमोठे फुटबॉल क्लब तीच वापरतात. मग जागेप्रमाणे हिशेब: मधल्या फळीतल्या मुली जास्त पळतात, गोलजवळच्या कमी पळतात पण अचानक झेपावतात. पहिल्या अर्ध्यात किती, दुसऱ्यात किती घसरलं. त्यावरून सराव ठरतो.

पण यंत्र आलं म्हणजे अंदाज संपला असं नाही. बघा हं, इथे मला खरी मजा वाटली. 'जोरात पळणं' म्हणजे किती? पुरुषांच्या गेलिक खेळांच्या अभ्यासात साधारण ताशी १७ किलोमीटरच्या वर गेलं की जोरात, २२ च्या वर गेलं की स्प्रिंट, अशा रेघा वापरतात. आता समजा एका पुरुष खेळाडूचा कमाल वेग ताशी ३२ आहे. त्याच्यासाठी १७ म्हणजे त्याच्या ताकदीच्या ५३ टक्के. एका मुलीचा कमाल वेग २७ असेल तर तिच्यासाठी तेच १७ म्हणजे ६३ टक्के. (आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, गणित तुम्हीही करून बघा.) म्हणजे ती १६ ने जीव खाऊन पळाली तरी यंत्र म्हणणार, आरामात चाललीये! कागदावर तिचा भार कमी दिसणार, प्रशिक्षक म्हणणार आणखी पळवा, आणि ती आधीच थकलेली. म्हणून आता बायकांवर काम करणारे संशोधक म्हणतात, रेघ बायकांच्या मोजमापावरून आखा, किंवा प्रत्येकीच्या स्वतःच्या वेगावरून. १९०४ च्या वरच्या दांडीसारखंच आहे हे. दांडी कुठे लावायची हे कुणावरून ठरवलं, हाच मुद्दा.

आता गुडघ्याकडे येते, कारण ह्या पोस्टचं निमित्त खरं म्हणजे तेच.

गुडघ्यात एसीएल नावाचं एक लिगामेंट असतं, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारं. उडी मारून एका पायावर उतरताना, पळता पळता दिशा बदलताना गुडघा आत वळला की ते तुटतं. बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो. सारख्याच खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दुपटीहून जास्त होते, हे जगभरात दिसलंय. तुटलं तर शस्त्रक्रिया आणि परत मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष. गेलिक फुटबॉल आणि कमोगीत तर सगळंच आलं, उडी, झेल, गिरकी, ब्रेक. डब्लिनच्या एका विद्यापीठाने कॉलेजच्या फुटबॉलपटू मुलींच्या दुखापती दोन हंगाम नोंदवल्या, तर बहुतेक दुखापती कमरेच्या खालीच.

का होतं असं? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं: बायकांचं शरीरच तसं. ओटीपोट रुंद, गुडघे आत, हार्मोन्स. ह्यातलं काही खरं असेलही. पण आता संशोधकांतच दुसरा आवाज निघालाय, आणि मला तो पटतो. मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षापासून जिममध्ये जातो, मुलगी विशीत पहिल्यांदा बारबेल उचलते. चांगलं मैदान मुलांना, मुलींना खाचखळग्यांचं. बूट मुलांच्या पावलाच्या साच्यावरचे. फिजिओ मुलांच्या संघाला कायमचा, मुलींच्या संघाला सामन्याच्या दिवशी, तोही आला तर. मग लिगामेंट तुटलं की म्हणायचं, तुमचं शरीरच तसं!

ह्यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. पंधरा-वीस मिनिटांचा ठराविक वॉर्म-अप. एका पायावर तोल, उडी मारून गुडघा सरळ ठेवून उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद, दिशा बदलण्याचा सराव. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केला तर मुलींमधल्या ह्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होतात, इतका पुरावा जमलाय. आयर्लंडच्या संघटनेने आपल्या खेळांसाठी असा वॉर्म-अप बसवून क्लबाक्लबांत दिलाय. माझी नात त्यातलं एका पायावरचं उभं राहणं मला करून दाखवते, सांगते, "आजी, गुडघा आत नाही जाऊ द्यायचा."

आणि आता ऐका. ६ डिसेंबर २०२०. मुलींच्या फुटबॉलची राष्ट्रीय उपांत्य लढत, गॉलवे विरुद्ध कॉर्क. सामना आधी लिमरिकला ठरला. तो हलवून डब्लिनच्या लहान मैदानावर नेला. त्या सकाळी तिथे हिम गोठलेलं, म्हणून ऐन वेळी क्रोक पार्कला हलवला, आणि वेळही अलीकडे ओढली. गॉलवेच्या मुलींना वॉर्म-अपसाठी किती वेळ मिळाला? सात मिनिटं. कडाक्याच्या थंडीत, देशातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यांपैकी एका सामन्याआधी. विद्यापीठं वीस मिनिटं म्हणतायत, वेळापत्रक सात देतंय. पुरुषांच्या उपांत्य सामन्यात हे झालं असतं का, हा प्रश्न तेव्हा आयर्लंडमध्ये घराघरांत विचारला गेला.

पाळीबद्दलही थोडं. हल्ली अ‍ॅप निघालेत, पाळीच्या दिवसांप्रमाणे सराव बदला म्हणतात. विषय उघडपणे बोलला जातो हे फार चांगलं. पण डझनावारी अभ्यास एकत्र करून बघितल्यावर निघालं ते असं की कामगिरीत फरक असलाच तर सरासरीत अगदी थोडा, आणि बरेच अभ्यास कच्चे. बाईबाईत फरक मात्र मोठा. त्यामुळे सरसकट 'ह्या दिवसांत हे करू नका' म्हणणं म्हणजे नव्या कपड्यातला जुना अंदाजच. उलट ज्याकडे लक्ष द्यायला हवं ते साधं आहे. पोरी पुरेसं खातात का? लोह पुरेसं आहे का? जितकं खर्च होतं तितकं पोटात गेलं नाही तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. ऑलिंपिक समितीने ह्याला २०१४ मध्ये नाव दिलं, पण आपल्या आया तर कधीच्या सांगतायत, 'जेव गं नीट'.

मग पैसा. आयर्लंडचं सरकार काउंटी खेळाडूंना वर्षाला थोडं अनुदान देतं, पगार नाही, प्रवास-खाण्यापुरतं. २०२१ पर्यंत पुरुषांसाठी ३० लाख युरो आणि बायकांसाठी ७ लाख. त्या वर्षी बायकांचं वाढवून २४ लाख केलं. खेळाडूंच्या दोन संघटना, बायकांची आणि पुरुषांची, त्याआधीच्या डिसेंबरात एक झाल्या होत्या, त्याचा हा परिणाम म्हणायला हरकत नाही. २०२३ मध्ये मुलींचे काउंटी संघ निषेधाचे टी-शर्ट घालून मैदानात आले: प्रवासखर्च द्या, डॉक्टर-फिजिओ द्या, मैदानं द्या. आता तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एकत्र करायचं चाललंय, माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस त्या समितीवर होत्या. होईल तेव्हा खरं.

शेवटी पुन्हा कपड्यांवर येते. कमोगीत १९०४ चा पायघोळ स्कर्ट जाऊन आखूड झाला, पुढे 'स्कॉर्ट' आला, म्हणजे बाहेरून स्कर्ट आणि आतून चड्डी. सरावाला सगळ्या शॉर्ट्स घालतात, सामन्याला स्कॉर्ट सक्तीचा. २०२४ मध्ये नियम बदलायचे ठराव आले, प्रतिनिधींनी पाडले. कारण? परंपरा, खेळाची ओळख. मग खेळाडूंच्या संघटनेने अगदी साधी गोष्ट केली. खेळाडूंनाच विचारलं. ७० टक्के म्हणाल्या, स्कॉर्टमध्ये त्रास होतो. ८३ टक्के म्हणाल्या, निवड आमच्याकडे द्या.

३ मे २०२५ रोजी डब्लिन आणि किलकेनीच्या मुली ठरवून शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या. दोन्ही संघ, एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. पंचांनी सांगितलं, बदला नाहीतर सामना होणार नाही. आत जाऊन बदलून आल्या. काही मुलींनी नंतर सांगितलं की रडू आलं. पुढच्या आठवड्यात कॉर्क आणि वॉटरफर्ड दोघींनी तेच ठरवलं, तर त्यांचा अंतिम सामनाच पुढे ढकलला. देशभर गदारोळ. २२ मे रोजी खास सभा बोलावली आणि ९८ टक्के मतांनी ठराव झाला: स्कॉर्ट किंवा शॉर्ट्स, जी तिला हवी ती. वर्षभरापूर्वी ज्या सभेने नाही म्हटलं होतं, तिने! मधे बदललं काय? पोरींचं शरीर तेच, खेळ तोच. फक्त आकडे टेबलावर आले आणि पोरी मैदानात आल्या.

त्या ऑगस्टमध्ये ओडफी चषकासाठी गॉलवे आणि कॉर्क खेळल्या. गॉलवे एका गुणाने जिंकली. कुणी काय घातलं होतं ते ज्याने-त्याने हायलाइट्समध्ये बघावं.

आता निमित्ताचं सांगते आणि थांबते. माझ्या संघात एक मुलगी होती, पळायला वाऱ्यासारखी. जिल्ह्याच्या निवडीआधी दहा दिवस खुंटाजवळ वळताना तिचा गुडघा गेला. आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला होता. ज्या डॉक्टरांकडे नेलं ते म्हणाले, मुरगळलाय, शेक द्या, आणि मुलींना एवढं पळवता कशाला? तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढून घेतलं. आम्ही सरावाआधी काय वॉर्म-अप करायचो? मैदानाला दोन फेऱ्या आणि हातपाय झटकणं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं. ती आता चाळिशीत आहे, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढते. भेटली की हसून बोलते. मला मात्र तिच्या गुडघ्याकडे बघवत नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला ७८-४० ने हरवलं, कर्णधार आपली महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते. आणि त्या खुंटाला गरकन वळल्या की दर वेळी माझे डोळे त्यांच्या गुडघ्यांवर जात होते.

तुमच्या ओळखीत कुणी मुलींना खो-खो, कबड्डी, फुटबॉल, काहीही शिकवत असेल तर त्यांना ह्या पोस्टखाली टॅग करा. मला दोनच गोष्टी हव्यात: सरावाआधी वॉर्म-अप किती मिनिटं करता, आणि मुलींच्या दुखापतींची वही ठेवता का. मी स्वतः एक वही घातलीये, आपल्या तालुक्यातल्या शाळांसाठी. आजवर तीन शाळांनी उत्तर दिलंय. बाकीच्यांच्या दारात मी सोमवारपासून जाणार आहे.